आडवी बाटली, उभी बंदूक

नोकरीची 31 वर्षं मी प्रोसिडिंग लिहीत काढली. ग्रामसेवकाला बाकी शंभर कामं असतात, पण गावाच्या लेखी तो म्हणजे ठराव लिहिणारा माणूस. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. रस्ता, गटार, दिवाबत्ती, गायरान, घरकुलाची यादी, पुन्हा रस्ता. किती हजार ठराव लिहिले, मोजले नाहीत. त्यातला एक मात्र क्रमांकासकट पाठ आहे. ठराव क्रमांक 7. सभा 1 मे 2018 ची, कोरम भरला नाही म्हणून तहकूब होऊन आठ दिवसांनी भरलेली.

गाव बीड जिल्ह्यातलं, अंबाजोगाईच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. त्या एप्रिलमध्ये गावात एक मोठं लग्न झालं. वरातीत डीजे होता, घोडा होता आणि पाहुण्यांपैकी कुणाकडे तरी पिस्तूल होतं. त्यानं हौसेनं दोन-तीन बार काढले. सगळे हवेत गेले नाहीत. एक गोळी गावातल्या एका मावशींच्या गोठ्याचा पत्रा फोडून आत गेली आणि कालवडीच्या मांडीत बसली. कालवड जगली, पण लंगडी झाली. पोलीस आले, पंचनामा झाला, पुंगळी सापडली. बार कुणी काढला, हे पाहिलेला माणूस मात्र चारशे वऱ्हाड्यांत एकही निघाला नाही.

मावशी म्हणजे साधी बाई नव्हे. काही वर्षांपूर्वी गावातलं देशी दारूचं दुकान त्यांनीच बंद पाडलं होतं. ती पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गावातल्या एक चतुर्थांश बायकांनी सह्या-अंगठ्यांचा अर्ज दिला की तपासणी होऊन मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. मावशींनी तेव्हा दारोदार फिरून बाटली आडवी केली होती. त्यामुळे सरकार आपलं ऐकतं, यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

ग्रामसभेत त्या उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, लिवा. आपल्या शिवारात बंदूक बंद."

मी म्हणालो, "मावशी, हा विषय ग्रामपंचायतीच्या हातात नाही."

"बाटली आडवी केली तवा व्हता का?"

"तेव्हा तसा कायदा होता."

"मंग बंदुकीला कामून न्हाई?"

याचं उत्तर माझ्याकडे कायद्याचं होतं, मावशींना पटेल असं नव्हतं. हत्यारं हा विषय राज्यघटनेनं केंद्राच्या यादीत टाकलाय. 1959 चा शस्त्र अधिनियम अख्ख्या देशाला एकच. परवाना द्यायचा जिल्हाधिकाऱ्यानं, आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्तानं. तिथं मुंबईच्या विधानसभेचंही फारसं चालत नाही, तर आमच्या सात सदस्यांच्या पंचायतीचं काय चालणार? सरपंच माझ्या कानाशी लागले. "लिहून टाका हो, लोकांचं समाधान होईल. वरचे बघतील काय करायचं ते."

वरचे काय करतात हे मला ठाऊक होतं. काहीच करत नाहीत. फार तर पंचायत समितीतून एक ओळीचं पत्र येतं, किंवा ठरावाला स्थगिती मिळते. तरी हात आखडला. बेकायदा ठरावाखाली माझी सही नको, एवढाच विचार. मग मी ग्रामसेवकाची युक्ती केली. 'गावात शस्त्र बाळगण्यास मनाई करण्यात येत आहे' या वाक्याचा शेवट बदलला आणि लिहिलं, 'मनाई करण्यात यावी अशी मा. जिल्हाधिकारी यांना विनंती करण्यात येते.' मनाईची विनंती झाली. मावशींना फरक कळला नाही, कळला असला तरी बोलल्या नाहीत. सूचक म्हणून त्यांचा अंगठा आहे.

हे सगळं मी विसरून गेलो असतो. 2021 ला निवृत्त झालो. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं फ्लोरिडाला गेलो. लेक आणि जावई ब्रॉवर्ड काउंटीत राहतात. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. जानेवारीत तिथली हवा आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या हवेसारखी, स्वेटरही लागत नाही. बाळंतिणीच्या घरात पुरुष माणसाला काम नसतं. मी मोठ्या नातीला शाळेत सोडायचो आणि गावभर चालत फिरायचो.

त्या नातीनंच पहिल्यांदा सांगितलं की शाळेत एक खेळ असतो. दिवे बंद करायचे, दाराला कडी लावायची, कोपऱ्यात गप्प बसायचं. पाच वर्षांची पोर, तिला तो खेळच वाटत होता. लेकीनं मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्याच काउंटीत पार्कलँड म्हणून गाव आहे. तिथल्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये 14 फेब्रुवारी 2018 ला एका माजी विद्यार्थ्यानं रायफल घेऊन 17 जण मारले. फेब्रुवारी 2018. आमच्या वरातीच्या दोन महिने आधी. मी ती बातमी तेव्हा वाचली असणार, आणि पान उलटून टँकरच्या बातमीवर गेलो असणार.

एका संध्याकाळी जावयाला म्हणालो, इथली ग्रामसभा दाखव. तो हसला, पण घेऊन गेला. सिटी कमिशनची बैठक. पाच लोक व्यासपीठावर, मधे महापौर, एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला एक बाई भराभर टाइप करणारी. ती सिटी क्लर्क. मी जावयाला म्हटलं, ही माझी जातवाली! मागच्या रांगेत बसलो, सवयच ती. कोरम भरलेला होता. वीज गेली नाही. कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. नागरिकानं माइकसमोर यायचं, तीन मिनिटं बोलायचं, घंटी वाजली की बसायचं. आमच्याकडे ही घंटी आणली तर पहिल्या दिवशी तीच विहिरीत जाईल.

एक म्हातारे गृहस्थ उठले. नातवंडं बागेत खेळतात, तिथं बंदूक आणायला बंदी करा, असं त्यांचं म्हणणं. जावई माझ्या कानात मराठी करत होता. महापौर काही बोलले नाहीत. वकील माइककडे वाकला आणि दोन वाक्यं बोलला: हा विषय राज्याच्या कायद्याखाली येतो, कमिशनला त्यावर काही करता येत नाही. म्हातारा खाली बसला.

मला त्या वकिलाच्या जागी मी दिसलो, हातात पेन धरलेला.

बैठक संपल्यावर क्लर्कबाईंना भेटलो. मी भारतातला निवृत्त क्लर्क आहे असं जावयानं सांगितलं, तर बाई खूश. मी विचारलं, तुम्ही निदान विनंती का नाही लिहून घेतली? जावयानं विचारलं, आणि बाईंचा चेहरा जरा बदलला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे या विषयात शब्द लिहितानाही वकिलाला विचारावं लागतं. पूर्वी बागेत 'शस्त्रे आणू नयेत' अशी पाटी होती, ती 2011 ला काढली. ठराव तर सोडा, पाटीसुद्धा नको. चुकलं तर दंड गावाला नाही, ज्यानं मत दिलं त्याच्या खिशाला.

मी तिथंच उभा राहिलो. खिशाला? माणसाच्या?

पुढचे दोन आठवडे मी लेकीच्या लॅपटॉपवर दुसरं काही केलं नाही. इंग्रजी यथातथाच, पण कायद्याची भाषा जगात सगळीकडे सारखीच जड असते, आणि त्या जडपणाची मला सवय आहे.

अमेरिकेत हत्यारांचा कायदा आपल्यासारखा एकहाती नाही. केंद्राचा आहे, राज्याचा आहे आणि एके काळी गावाचाही होता. 1981 साली इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन ग्रोव्ह या गावानं हातातल्या छोट्या बंदुकांवर, म्हणजे पिस्तुलांवर, सरसकट बंदी घातली. त्याला उत्तर म्हणून पुढच्याच वर्षी जॉर्जियातल्या केनेसॉ या गावानं उलटा ठराव केला: प्रत्येक कुटुंबप्रमुखानं घरात बंदूक आणि दारूगोळा ठेवलाच पाहिजे. एका गावात ठेवली तर गुन्हा, दुसऱ्यात नाही ठेवली तर! मला हे वाचून मजा वाटली, पण ज्याच्याकडे बंदूक आहे आणि जो गाडीनं चार गावं ओलांडून जातो, त्याला मजा वाटली नसणार. केज ओलांडून अंबाजोगाईच्या हद्दीत शिरलो आणि आरोपी झालो, असं कुणाचंच होऊ नये. म्हणून राज्याराज्यांनी हा विषय आपल्याकडे ओढून घेतला, खाली गावांना त्यात हात घालायला मनाई केली. याला ते प्रीएम्प्शन म्हणतात. आज चाळीसच्या वर राज्यांत हे कमी-जास्त आहे. इथपर्यंत माझी तक्रार नाही. आपल्याकडेही तेच आहे, उलट जास्तच आहे.

फ्लोरिडानं हे 1987 ला केलं. पण गावांच्या दप्तरात जुने नियम पडून राहिले, काही गावांनी नवेही केले. कोर्टात गेलं की नियम रद्द व्हायचा, इतकंच. बंदूकवाल्यांच्या संघटना म्हणू लागल्या, याला काही शिक्षाच नाही. म्हणून 2011 ला राज्यानं त्या कायद्याला दात बसवले. ते दात मी एकेक करून वाचले. जाणूनबुजून नियम मोडला असं कोर्टाला वाटलं तर त्या लोकप्रतिनिधीला किंवा अधिकाऱ्याला 5,000 डॉलरपर्यंत दंड, वैयक्तिक. त्याचा बचाव करायला सरकारी पैसा वापरायचा नाही. गव्हर्नरनं पदावरून काढायला हे पुरेसं कारण. ज्याला त्या नियमाचा त्रास झाला त्यानं किंवा त्याच्या संघटनेनं दावा लावायचा, 1,00,000 डॉलरपर्यंत भरपाई मागायची, वकिलाची फीही वसूल करायची. आणि एक कलम वाचून तर मी चष्मा काढला: चांगल्या हेतूनं केलं किंवा वकिलाच्या सल्ल्यानं केलं, हा नियमाचा बचाव होऊ शकत नाही.

5,000 डॉलर म्हणजे, डॉलर 85 रुपयांचा धरला तर, सव्वाचार लाख. आपल्याकडे दोन हजारांच्या आतल्या गावाच्या सरपंचाचं मानधन सप्टेंबर 2024 मध्ये दुप्पट झालं, तरी महिना 6,000 रुपये. पाच वर्षांचं सगळं धरलं तर 3,60,000. म्हणजे अख्खी मुदत फुकट राबून वर घरचे साठ-पासष्ट हजार घालायचे, आणि तेही एकदा हात वर केल्याबद्दल.

पार्कलँडनंतर ब्रॉवर्डमधल्या लोकांनी आपल्या-आपल्या गावाला साकडं घातलं. मियामीशेजारच्या कोरल गेबल्स या शहरानं असॉल्ट रायफलींवर बंदीचा नियम करायला घेतला होता, पण दंडाचा विचार करून मार्च 2018 मध्ये माघार घेतली. एप्रिलमध्ये वेस्टन आणि आणखी काही शहरं कोर्टात गेली. पुढे संख्या वाढून तीसच्या वर शहरं आणि काउंट्या झाल्या, सत्तरच्या वर लोकप्रतिनिधी. त्यांचं मागणं नीट समजून घ्या, कारण मला ते समजायला वेळ लागला. राज्याचा हक्क काढून घ्या असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आमचा नियम रद्द करायचा तर करा, पण मत दिलं म्हणून माझ्या घरावर येऊ नका, एवढंच.

हे भांडण पाच वर्षं चाललं. जुलै 2019 मध्ये लिओन काउंटीच्या न्यायाधीशांनी शहरांच्या बाजूनं निकाल दिला. लोकांनी निवडून दिलेल्या माणसानं सभागृहात दिलेल्या मताबद्दल त्याला वैयक्तिक धरता येत नाही, असा त्याचा गाभा. 2021 मध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला. आणि 19 जानेवारी 2023 ला, म्हणजे मी तिथं असतानाच, फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं दंड कायम केला. एकट्या न्यायमूर्ती लबार्गांनी विरोधी मत नोंदवलं. बाकीच्यांचं म्हणणं असं की राज्यानं विषय राखून ठेवल्यावर गावाला त्यात मत देण्याचा अधिकारच उरत नाही. आणि नसलेल्या अधिकाराला संरक्षण कसलं? तर्क म्हणून वाकडा नाही. मी वाचता वाचता मान डोलावली, आणि मग माझाच मला राग आला.

कारण आपल्याकडेही हेच आहे. घटनेचं 194 वं कलम आमदाराला सांभाळतं: विधानसभेत काहीही बोल, कसंही मत दे, कुठलं कोर्ट तुला हात लावणार नाही. सरपंचाला असं कवच नाही. त्याच्यावर ग्रामपंचायत कायद्याचं कलम 39. गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, असं काही लावलं की जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची चौकशी, मग विभागीय आयुक्तांपुढे संभाजीनगरच्या चकरा. एका सरपंचाबरोबर मी त्या चकरा मारल्यात. पहाटे पाचची एसटी, डब्यात भाकरी आणि ठेचा, दुपारी कळायचं की साहेब मीटिंगला गेलेत. तारीख पुढची. शिक्षा तीच असते, निकाल नंतर लागतो.

आता माझ्या वसुलीची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलायचा हक्क नाही.

2015-16 चा दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल. आमच्या गावात एकच विंधन विहीर जिवंत होती आणि तिची मोटर जळाली. तीन दरपत्रकं मागवायची, मग तुलनात्मक तक्ता, मग मंजुरी, मग काम. तेवढ्यात माणसं मेली असती. सरपंचांनी आणि मी मिस्त्री बोलावला, मोटर भरून घेतली, रात्री पाणी सुरू. तीन वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप: दरपत्रके नाहीत, पावतीवर रेव्हेन्यू तिकीट नाही, सबब रक्कम वसूलपात्र. 11,400 रुपये. निम्मे सरपंचांचे, निम्मे माझ्या पगारातून. एक रुपयाचं तिकीट चिकटवलं असतं आणि भावाच्या दुकानातून दोन खोटी दरपत्रकं आणली असती तर काही झालं नसतं. ते करणारे खूप आहेत.

तेव्हा फार वाईट वाटलं. पण आता शांतपणे विचार केला तर त्या वसुलीला माझी ना नाही. पैसा गावाचा होता, खर्चाची रीत ठरलेली होती, मी ती पाळली नाही. हेतू बघायचा तर प्रत्येक अपहार करणाऱ्याचाही हेतू चांगलाच असतो, विचारून बघा. पैशाला वैयक्तिक जबाबदारी हवीच. पण मत हा पैसा नव्हे. पैसा खाल्ला तर गेला, परत आणायला कुणाच्या तरी खिशातच हात घालावा लागतो. चुकीचा ठराव एका ओळीच्या आदेशानं रद्द होतो. त्यात भरून काय काढायचं आहे? मला वाटतं, त्या दंडात भरून काढायचं काहीच नाही, पुढच्या माणसाचा हात वर जाण्याआधीच खाली बसवायचा आहे. कोरल गेबल्समध्ये नेमकं तेच झालं. दंड कुणाला झालाच नाही, तरी कामाला आला.

दुसरी बाजूही पाहिली. त्याच फ्लोरिडाच्या विधिमंडळानं पार्कलँडनंतर तीन आठवड्यांत स्वतः कायदा केला. बंदूक विकत घ्यायचं वय 21, तीन दिवसांची वाट, धोकादायक माणसाची हत्यारं कोर्टाच्या हुकमानं काढून घ्यायची सोय. म्हणजे राज्यानं विषय राखून ठेवला म्हणजे राज्य झोपलं असं नाही. पण मग त्याच राज्यात 1 जुलै 2023 पासून परवान्याशिवाय लपवून बंदूक बाळगायची मुभाही आली. वरच्याच्या मनात येईल तसं. खालच्यानं फक्त पाट्या काढायच्या.

टॅलाहासीचा किस्सा तर माझ्या धंद्यातला. फ्लोरिडाची राजधानी. तिथल्या नगरपालिकेच्या नियमावलीत बार काढू नये असे दोन जुने नियम होते, एक 1957 चा, एक 1988 चा. कुणी अमलात आणत नव्हतं. पोलिसांनाही सांगून ठेवलं होतं की लावू नका. पण पुस्तकातून काढले नाहीत. 2014 ला बंदूक संघटनांनी महापौर आणि कमिशनरांवर दावा लावला, की नियम पुस्तकात आहे म्हणजे तुम्ही तो मोडताय. 2017 मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, जुना नियम नुसता पडून राहणं म्हणजे नवा नियम जारी करणं नव्हे, आणि माणसं सुटली. तीन वर्षं कोर्ट, आणि कशापायी? दप्तरातल्या दोन पानांपायी. माझ्या 31 वर्षांच्या दप्तरात अशी किती पानं असतील या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

केंटकी राज्यानं तर 2012 ला हा सरळ फौजदारी मामला केला, पदाचा गैरवापर म्हणून. ॲरिझोनात शहराचा राज्याकडून येणारा निधीच अडवायची धमकी. जप्त केलेल्या बंदुका नष्ट करणाऱ्या टुसॉन शहराला 2017 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते बंद करायला लावलं. पेनसिल्व्हेनियाचं ऐका. 2014 मध्ये त्यांनी बंदूक संघटनांना गावांवर दावे लावायची मुभा दिली, आणि ती घुसवली कशात, तर तांब्यासारख्या धातूंच्या चोरीला शिक्षा करण्याच्या विधेयकात! आमच्याकडे डीपी फोडून तांबं नेणाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या नाकी नऊ आणलेत, त्यामुळे मला ते विधेयक फार जवळचं वाटलं. पुढच्याच वर्षी कोर्टानं ते रद्द केलं: एका विधेयकात एकच विषय असावा. तोवर कित्येक गावांनी भीतीनं आपले नियम मागे घेतले होते. विषयपत्रिकेत नसलेला विषय ऐनवेळी घुसडू नये, हे मी सरपंचांना दर महिन्याला सांगायचो. तिथं कोर्टाला सांगावं लागलं.

आणि कोलोरॅडो. बोल्डर शहरानं 2018 मध्ये पार्कलँडनंतर असॉल्ट रायफलींवर बंदी घातली. 12 मार्च 2021 ला न्यायाधीशांनी ती थांबवली, कारण विषय राज्याचा. दहा दिवसांनी, 22 मार्चला, त्याच शहरातल्या किराणा दुकानात दहा जण मारले गेले. ती बंदी असती तर वाचले असते असं मी म्हणणार नाही, माणूस शेजारच्या गावातूनही बंदूक आणतो. पण त्या राज्यानं तीन महिन्यांत कायदा बदलला आणि गावांना राज्यापेक्षा कडक नियम करायची मोकळीक दिली. म्हणजे करता येतं. 'तसा कायदा नाही' हे माझं मावशींना दिलेलं उत्तर, तेवढंच आणि तिथंच संपणारं, तेव्हा जरा पोकळ वाटलं.

परत आलो तेव्हा मावशी अंबाजोगाईला आठवडी बाजारात भेटल्या. कालवड तोवर गाय झाली होती, लंगडतच दूध देत होती. त्यांना सगळं सांगितलं. तिकडे ठरावाला हात वर केला तर सव्वाचार लाख. त्यांनी मनात हिशोब केला, म्हणाल्या, "चार म्हशी. बरं झालं, आपल्यात इनंती लिवलीत." म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

त्यानंतर आमच्या जिल्ह्यात काय झालं ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि बीडमधली पिस्तुलं टीव्हीवर आली. इतके परवाने दिले कुणी, कुणाच्या शिफारशीनं, हा सवाल पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला. मग छाननी, मग परवाने रद्द. वरातीत बार काढण्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड किंवा दोन्ही. आमची वरात त्याच्या आधीची. ज्या परवान्यांवरून आता ओरड झाली त्यांची खबर गावांना कधीच होती. कोण कमरेला काय लावून फिरतो हे पारावरच्या पोराला ठाऊक असतं. पण पोलीस अहवालाच्या नमुन्यात गावाला विचारण्याचा रकाना मी तरी कधी पाहिला नाही. दंड नाही, बंदी नाही, आपल्याकडे गावाला नुसतं विचारतच नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्या जागी आलेल्या पोराचा फोन आला. चांगला आहे, कॉम्प्युटरवर पटापट काम करतो. जुनी प्रोसिडिंग बुकं स्कॅन करून चढवायचं काम चाललंय. म्हणाला, "सर, 2018 चा एक ठराव आहे, बंदुकीचा. आपल्या अधिकारात बसत नाही. वर काही उत्तरही आलेलं दिसत नाही. हे पान घ्यायचं का गाळायचं? उगीच उद्या कुणी काढलं तर?"

मी विचारलं, "शेवटची ओळ वाच."

त्यानं वाचली. "...अशी मा. जिल्हाधिकारी यांना विनंती करण्यात येते."

"सूचक?"

त्यानं मावशींचं नाव वाचलं. पुढे म्हणाला, "अंगठा आहे, जरा पुसट आलाय."

"पुन्हा स्कॅन कर," मी म्हणालो. "अंगठा नीट आला पाहिजे."